प्रवासाचं प्रीमियम क्रेडिट कार्ड: फी भरण्याआधी करायचा हिशेब

नवी मुंबईत उलव्याच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं उडायला लागली आणि खारघर, नेरूळ, सीवूड्सच्या सोसायट्यांत विमानप्रवासाचा विषय आणखी घरचा झाला. ठाणेकरांनाही आता दोन विमानतळांतून निवड आहे. त्यापाठोपाठ दुसरा विषय येतोच. ऑफिसातलं कोणीतरी सांगतं की आम्ही क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर सिंगापूर करून आलो. मॉलमध्ये सरकत्या जिन्याजवळ टेबल मांडून बसलेला मुलगा धातूचं जड कार्ड हातात देतो आणि म्हणतो, "सर, फी साडेबारा हजार आहे, पण बेनिफिट्स लाखाचे आहेत."

असतीलही लाखाचे. तुमच्या घरासाठी ते किती हजारांचे आहेत, एवढंच आपल्याला काढायचं आहे. त्यासाठी गेल्या वर्षाची बँक आणि कार्ड स्टेटमेंटं, एक वही आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. पहिल्यांदाच असं कार्ड घेण्याचा विचार करणाऱ्यांनी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात, कारण बहुतेकांचा निर्णय तिसऱ्या पायरीवरच होऊन जातो.

आधी एक अट

दर महिन्याचं बिल ड्यू डेटच्या आत पूर्ण भरत असाल तरच पुढे वाचा. पूर्ण म्हणजे 'टोटल ड्यू', 'मिनिमम ड्यू' नव्हे. थकलेल्या रकमेवर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतं, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ४० हजार रुपये एक महिना मागे राहिले तर पावणेचार टक्क्यांनी १,५०० रुपये व्याज आणि २७० रुपये जीएसटी लागतो. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे अनेकांना बिल आल्यावर कळतं. कार्डांच्या व्याजावरची ३० टक्क्यांची मर्यादा ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला, त्यामुळे त्या आशेवरही राहू नका. बाकी मागे ठेवायची सवय असेल तर जगातलं कुठलंच रिवॉर्ड कार्ड फायद्याचं ठरत नाही.

पायरी १: कार्डावर खरोखर किती खर्च होतो ते काढा

इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो, आणि नेहमी एकाच दिशेने. "आमचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर आहे" असं म्हणणाऱ्या घरात पॉइंट मिळवून देणारा खर्च त्याच्या पाव हिस्साही नसतो.

घोडबंदर रोडवरचं एक घर धरू. दोघं नोकरी करणारे, एक मूल, महिन्याचा खर्च १ लाख १० हजार. त्यातले ४५ हजार घराच्या हप्त्याचे, ते खात्यातून परस्पर जातात. शाळेची फी १२ हजार, सोसायटीचं मेंटेनन्स ५ हजार. कामाची बाई, दूध, भाजी, रिक्षा मिळून १५ हजार, हे रोख किंवा यूपीआयने. झाले ७७ हजार. उरले ३३ हजार: किराणा १०, पेट्रोल ५, वीज-गॅस-मोबाइल ५, ऑनलाइन खरेदी ६ आणि बाहेरचं खाणं ७ हजार.

आता कात्री लावा. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, फार तर एक टक्का सरचार्ज माफ करतात. वीज-मोबाइलच्या बिलांवर कुठे पॉइंट कमी, कुठे मर्यादा, कुठे काहीच नाही. घरभाडं, वॉलेट भरणं, सरकारी भरणा हेही बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, आणि ॲपमार्फत भाडं किंवा शाळेची फी भरली तर अनेक बँका वरून एक टक्का शुल्क घेतात. हप्त्यांवर घेतलेल्या फोनवरही सहसा पॉइंट मिळत नाहीत. म्हणजे आपल्या घराचे राहिले महिन्याला २३ हजार, वर्षाचे २ लाख ७६ हजार. त्यात वर्षातून एका मोठ्या सहलीची तिकिटं आणि हॉटेल १ लाख २० हजार मिळवा. एकूण ३ लाख ९६ हजार.

वहीत हा आकडा ठळक लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या एपीएमसीत ज्यांचा व्यापार आहे त्यांनी दुकानाची खरेदी या आकड्यात धरू नये. वैयक्तिक कार्ड धंद्याच्या मालासाठी वापरायला बहुतेक बँकांच्या अटी मनाई करतात आणि तसं दिसलं तर कार्ड बंदही होतं.

पायरी २: तुम्ही प्रवास कसा करता?

हा प्रश्न कार्डवाला विचारत नाही. गणपतीला कोकणात, मे महिन्यात गावी, दिवाळीनंतर कुठेतरी चार दिवस गाडीने, असं तुमचं वर्ष असेल तर विमानाच्या माइल्सचं (म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटांचं) कार्ड तुमच्या काय कामाचं? कोकण रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. तिथे घड्याळ आणि नशीब लागतं. पॉइंट कामाला येत नाहीत.

दुसरा मोठा वर्ग टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांचा. आपल्याकडे आईबाबांना युरोप दाखवायचं तर मराठी जेवण आणि मराठी टूर लीडर हवाच, त्यात काही चूक नाही. पण ग्रुपची तिकिटं आणि हॉटेलं कंपनी काढते. तुमचे माइल्स त्या तिकिटाला लावता येत नाहीत. पैसे कार्डाने भरायला गेलात तर काही ठिकाणी दीड-दोन टक्के जास्त मागतात, आणि तिथेच पॉइंटांचा फायदा संपतो. वर्षातली मोठी सहल अशीच होत असेल तर आपल्या उदाहरणातले १ लाख २० हजारही आकड्यातून वजा करा.

प्रवासाचं कार्ड खरं त्यांचं, जे स्वतः तिकीट शोधतात, स्वतः हॉटेल बुक करतात आणि तारीख दोन दिवस पुढे-मागे करू शकतात. मूल शाळेत असलं की ही शेवटची गोष्ट जरा कठीणच.

पायरी ३: समोर फुकटचं कार्ड ठेवून वजाबाकी करा

महागड्या कार्डाची तुलना लोक 'कार्ड नसण्याशी' करतात, आणि सगळी गडबड तिथे होते. अकरा हजारांचे पॉइंट मिळाले, फी पाच हजार, म्हणजे सहा हजार सुटले! नाही सुटले. तोच खर्च बिनफीच्या साध्या कॅशबॅक कार्डावर केला असता तरी काहीतरी पदरात पडलंच असतं. प्रीमियम कार्डाला त्या कार्डाच्या पुढे जायचं आहे.

आकडे मांडून पाहू. समजा एका कार्डाची फी ५,००० रुपये आहे. जाहिरातीतली फी जीएसटीशिवाय असते, म्हणून १८ टक्के वाढवून ५,९०० धरा. (साडेबारा हजारांची फी अशीच १४,७५० होते.) हे कार्ड साध्या खर्चावर शंभराला २ पॉइंट आणि विमान-हॉटेलवर शंभराला ५ पॉइंट देतं, आणि एक पॉइंट तिकिटासाठी वापरला तर एका रुपयाचा. साध्या २ लाख ७६ हजारांवर ५,५२० पॉइंट. सहलीच्या १ लाख २० हजारांवर ६,०००. एकूण ११,५२०. फी वजा जाता ५,६२० रुपये.

समोर बिनफीचं, सरसकट दीड टक्का कॅशबॅकचं कार्ड ठेवा. ३ लाख ९६ हजारांवर ५,९४०. तेही रोख, बिलातून थेट वजा.

म्हणजे घोडबंदरचं आपलं घर प्रीमियम कार्ड घेऊन ३२० रुपयांनी मागे पडलं. आता लाउंज (विमानतळावर बसण्या-खाण्याची खास जागा), विमा, जॉइनिंग बोनस या गोष्टी पारड्यात टाकता येतात आणि आपण टाकणार आहोतच. पण मुख्य वजन इथेच कळलं. खर्च चार लाखांच्या आसपास असलेल्या घरासाठी हा सौदा जेमतेम बरोबरीचा आहे.

मग ही कार्डं कोणाला परवडतात? ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारी, महिन्यातून एकदा बेंगळुरूला जाणारी एखादी मॅनेजर घ्या. तिकीट-हॉटेलचे वर्षाचे ३ लाख ती स्वतःच्या कार्डाने भरते आणि कंपनी नंतर परत देते. त्या ३ लाखांवर ५ टक्क्यांनी १५,००० रुपयांचे पॉइंट, दीड टक्क्याने ४,५००. एवढ्यावरच साडेदहा हजारांचा फरक पडतो आणि फी निघून वर उरतं. फक्त दोन गोष्टी आधी विचाराव्यात: कंपनीला वैयक्तिक कार्ड चालतं का, आणि पैसे ड्यू डेटच्या आधी परत येतात का. अकाउंट्स खात्याची दिरंगाई तुमच्या खिशातून भरायची नाही.

आणखी एक. एका आर्थिक वर्षात कार्डबिलांपोटी १० लाख किंवा जास्त रुपये भरले, किंवा १ लाख रोखीने भरले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. स्वतःचा खर्च असेल आणि उत्पन्नाशी जुळत असेल तर काळजीचं कारण नाही. पॉइंटांसाठी मित्रांचे फोन, मेव्हण्याचा फ्रिज, शेजाऱ्यांची तिकिटं आपल्या कार्डावर काढून देणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावं.

पायरी ४: 'एक पॉइंट म्हणजे किती रुपये' हे चार ठिकाणी तपासा

वर आपण एक पॉइंट एक रुपयाचा धरला. प्रत्यक्षात एकाच पॉइंटाची किंमत तो कुठे वापरता त्यावर ठरते. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डाचं उदाहरण घ्या. बँकेच्या पोर्टलवर विमान किंवा हॉटेल घेतलं तर पॉइंट एक रुपयाचा, वस्तू आणि व्हाउचर घेतले तर साधारण अर्ध्या रुपयापर्यंत, आणि बिलात रोख जमा मागितली तर तीस पैशांचा. तेच दहा हजार पॉइंट एका ठिकाणी दहा हजार रुपये, दुसऱ्या ठिकाणी तीन हजार. शिवाय तिकिटाची सगळी रक्कम पॉइंटांतून भरू देत नाहीत, काही टक्के रोख द्यावे लागतात. अनेक बँका पॉइंट वापरण्याची वेगळी फी लावतात, तीही बघा.

म्हणून कार्डाच्या पानावर 'शंभराला किती पॉइंट' एवढं वाचून थांबू नका. शंभर रुपये खर्चून शेवटी हातात किती पैसे आले, तो आकडा काढा.

बँकेच्या पोर्टलवर जादा पॉइंट मिळतात म्हणून तिथूनच तिकीट काढायचा मोह होतो. आधी विमान कंपनीच्या साइटवर तेच तिकीट बघा. तिथे ६,२०० आणि पोर्टलवर ६,६०० असेल तर ५ टक्क्यांचे ३३० रुपये मिळवायला तुम्ही ४०० जास्त मोजलेत. वर तारीख बदलायची वेळ आली की विमान कंपनी पोर्टलकडे बोट दाखवते आणि पोर्टल विमान कंपनीकडे.

तिकीट शोधताना 'मुंबई' निवडलं की आता दोन्ही विमानतळ एकत्र दिसू शकतात. बीओएम म्हणजे आपलं जुनं, अंधेरी-सहारचं. एनएमआय म्हणजे उलवे. खारघर, पनवेल, बेलापूरवाल्यांना उलवे सोयीचं, तर घोडबंदरहून पवईमार्गे जाणाऱ्यांना बहुतेक वेळा जुनंच. तिकिटात वाचलेले चारशे रुपये पहाटेच्या टॅक्सीत घालवले तर कुठल्या कार्डाचा उपयोग? जाताना एक आणि येताना दुसरं विमानतळ येत असेल तर गाडी पार्किंगला लावून जाण्याचा बेत आधीच सोडा.

पायरी ५: लाउंजची किंमत प्रामाणिकपणे लावा

कार्ड घेणाऱ्यांत लाउंजचं आकर्षण सगळ्यात मोठं, आणि किंमत फुगवून सांगितली जाते तीही लाउंजचीच. माहितीपत्रकात एका भेटीची किंमत हजार-दीड हजार लिहिलेली असते. स्वतःला विचारा, कार्ड नसतं तर विमानतळावर काय केलं असतंत? चहा-सँडविच घेतलं असतं किंवा घरून आणलेले ठेपले-पराठे खाल्ले असते. जो खर्च खरंच वाचला तेवढीच किंमत. मी माणशी एका भेटीचे ४०० रुपये धरतो, त्याहून जास्त नाही.

आपल्या घरातल्या नवरा-बायकोच्या, जाताना आणि येताना, अशा चार भेटी धरल्या तर १,६०० रुपये. मघाचे ३२० वजा करून प्रीमियम कार्ड १,२८० रुपयांनी पुढे गेलं. तेही बायकोच्या ॲड-ऑन (आपल्याच खात्यावरच्या जोड) कार्डावर वेगळी भेट मिळत असेल तरच. बरोबरच्या माणसाचे आणि मुलाचे पैसे बरीच कार्डं वेगळे लावतात, तेही डॉलरमध्ये, आणि ते तिथल्या काउंटरवर कोणी सांगत नाही, पुढच्या बिलात दिसतात.

आणखी एक अट हल्ली बऱ्याच बँकांनी घातली आहे. आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला असेल तरच पुढे लाउंज. ३५ हजार, ५० हजार, कुठे त्याहून जास्त. वर्षातून एकदाच फिरणाऱ्याने तो खर्च नेमका आधीच्या तिमाहीत केलेला असला पाहिजे. आणि व्यवस्थाही बदलत असते: देशातल्या लाउंज प्रवेशाचा मोठा भाग सांभाळणाऱ्या ड्रीमफोक्सने सप्टेंबर २०२५ मध्ये ती देशांतर्गत सेवा बंद केली, तेव्हा बँकांना दुसरी सोय लावावी लागली. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये, आपण जातोय त्याच टर्मिनलचं लाउंज यादीत आहे का ते बघा.

विमा, कंसिअर्ज (फोनवरून बुकिंग वगैरे करून देणारी सेवा), गोल्फ यांच्यासमोर मी शून्य लिहितो. गोल्फ खेळणारे मला माफ करतील. हवाई अपघाताचा विमा सहसा त्याच कार्डाने तिकीट काढलं असेल तरच लागू होतो, आणि आजारपणासाठीचा प्रवासविमा परदेशी जाताना वेगळा घ्यावाच लागतो.

पायरी ६: परदेशात कार्ड घासण्याआधी

रुपयांव्यतिरिक्त चलनात खर्च झाला की बँक फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं शुल्क, लावते. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के, वर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. बँकॉक किंवा दुबईत ८० हजार खर्च केलेत तर ३,३०४ रुपये यातच गेले, आणि दोन टक्क्यांनी मिळालेले पॉइंट १,६०० रुपयांचे. दोन टक्के मार्कअपच्या कार्डावर जीएसटी धरून १,८८८ जातील. मार्कअप अजिबात नसलेलीही कार्डं मिळतात. वर्षातून एक परदेश दौरा असेल तर मार्कअपचा हा एक आकडा लाउंजच्या सगळ्या भेटींहून महत्त्वाचा आहे.

दुकानदार मशीन पुढे करून "रुपयांत भरता का?" असं विचारेल. नाही म्हणा. तिथल्याच चलनात भरा. रुपयांत भरलं की दर त्या मशीनवाल्याचा लागतो, तो जवळपास नेहमी महाग असतो, आणि अशा व्यवहारावरही अनेक बँका वेगळं शुल्क लावतात.

कार्डाच्या परदेशातल्या खर्चावर टीसीएस (पैसे भरतानाच वरून घेतला जाणारा आयकर) लागतो का, ही शंका २०२३ पासून फिरते आहे. त्या वर्षी सरकारने हा खर्च एलआरएसच्या, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेच्या, मर्यादेत आणायचं ठरवलं आणि जूनअखेर तो निर्णय पुढे ढकलला. परदेशी टूर पॅकेजवरचा टीसीएस वेगळा, तो टूर कंपनी घेते, पैसे कसेही भरलेत तरी.

पायरी ७: माइल्समध्ये वळवण्याचा खेळ

"पॉइंटांवर सिंगापूर" करणारा ऑफिसातला माणूस बहुतेक हेच करतो. बँकेचे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये, एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये किंवा अकोर, मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांत वळवायचे आणि तिथून तिकीट किंवा खोली घ्यायची. जमलं तर एका पॉइंटाचे दीड-दोन रुपयेही सुटतात. हे खरं आहे आणि त्यात मजाही आहे. पण त्याला वेळ लागतो, अभ्यास लागतो, आणि मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत चार जागा एकत्र मिळणं अवघड असतं.

नवशिक्याला सोपं पडतं ते हॉटेलचं, कारण काही ठिकाणी भाव ठरलेला असतो. अकोरमध्ये २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, मग सुट्टी असो वा नसो. विमानाच्या बाबतीत तीन नियम पाळा. आधी विमान कंपनीच्या साइटवर जागा दिसते का बघा, मगच पॉइंट वळवा, कारण एकदा वळवलेले परत येत नाहीत. कर आणि अधिभार रोख भरावे लागतात, ते वजा करून मगच किंमत काढा. आणि माइल्सची मुदत असते. क्रिसफ्लायरची ३६ महिने.

किंमत काढताना होणारी एक गल्लत सांगतो. बिझनेस क्लासचं तिकीट १ लाख ८० हजारांचं होतं, ते माइल्सवर मिळालं, म्हणून कार्डाने १ लाख ८० हजार वाचवले असं लोक सांगतात. पण स्वतःच्या पैशाने गेला असतात तर ४५ हजारांचं इकॉनॉमीच काढलं असतंत ना? मग वाचले ४५ हजार. पाय लांब करून झोपायला मिळालं त्याचं सुख खरं, पण वहीत ते पैशांच्या रकान्यात नको.

साठवून ठेवणं हा आपला स्वभाव, आणि पॉइंटांच्या बाबतीत तो महागात पडतो. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारा ही तिची पॉइंट योजनाही गेली, त्याच्या नावाच्या कार्डांसकट. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर लोक तुटून पडले होते. सप्टेंबर २०२३ पासून त्याचा दरमहाचा मोठा बोनस बंद झाला, माइल्समध्ये वळवण्याचा दर पाच पॉइंटांना चार माइल्सवरून दोन माइल्सवर आला आणि फी मात्र दहा हजारांची साडेबारा हजार झाली. बँक आणि विमान कंपनी नियम केव्हाही बदलू शकतात, तशी अट तुम्ही सही केलेल्या कागदावरच असते. वर्षभरात कमावलेले पॉइंट पुढच्या वर्षभरात संपवा.

'माइलस्टोन' बोनसचंही तसंच. समजा पाच लाखांच्या खर्चावर ५,००० पॉइंट आहेत. आपलं घर ३ लाख ९६ हजारांवर थांबतं. उरलेले १ लाख ४ हजार केवळ बोनससाठी खर्चायचे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नाहीतरी भरायचा असलेला विम्याचा हप्ता माइलस्टोनमध्ये मोजत असतील तर गोष्ट वेगळी.

पायरी ८: अर्ज

इथवर येऊन आकडा तुमच्या बाजूने असेल तर अर्ज बँकेच्या साइटवरून किंवा शाखेतून करा. स्टॉलवरच करायचा असेल तर 'लाइफटाइम फ्री' आणि 'पहिल्या वर्षी फ्री' यांतला फरक लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही. अर्जासोबत बँकेने एक पानी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं असतं, त्यात फी, व्याज आणि शुल्कं असतात. तेवढं पान उभ्या उभ्या वाचून होतं.

पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा किंवा रिटर्न लागतात. भाड्याच्या घरात असाल आणि आधारवर अजून गावचा पत्ता असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार जवळ ठेवा, इथे बऱ्याच जणांचे अर्ज अडकतात. एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये होते, आणि येत्या वर्षात घराचं कर्ज घ्यायचं असेल तर ती नोंद नको तेव्हा आडवी येते. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी बघून घ्या.

पायरी ९: वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी

मोबाइलमध्ये अकराव्या महिन्याचं रिमाइंडर लावा. तीच वही काढा आणि पहिल्या वर्षी खरंच किती मिळालं ते लिहा, अंदाज नको. जॉइनिंग बोनस यातून वगळा, तो दुसऱ्या वर्षी नसतो. फुकटच्या कार्डापुढे अजूनही फायदा दिसत असेल तर ठेवा. नसेल तर बँकेला फोन करून फी माफ होते का किंवा फीइतके पॉइंट देतात का ते विचारा. मागायला लाजू नका, अनेकदा देतात. तेही नाही झालं तर त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डावर उतरता येतं का पाहा, म्हणजे जुन्या खात्याचा इतिहास टिकतो.

बंदच करायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी सगळे पॉइंट वापरा किंवा वळवा, कारण कार्ड बंद झालं की ते जातात. ओटीटी, विम्याचा हप्ता, मोबाइल बिल, जे काही त्या कार्डावर आपोआप कापलं जातं ते दुसरीकडे न्या. बाकी शून्य करा. मग बंद करण्याची विनंती ॲप, ईमेल किंवा हेल्पलाइनवरून लेखी पुरावा राहील अशी द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी नसलेलं कार्ड विनंतीपासून सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. "सर, एक ऑफर आहे" असे फोन त्या सात दिवसांतच येतात. तीस दिवसांत बँकेने तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.